उदाराम वस्तादांची फरी

मुलांना शिकवणे उदाराम टेंभऱ्यांना कधी अवघड गेले नाही. अवघड गेले ते त्या मुलांच्या आईबापांना शिकवणे. सौंदड आणि त्याच्या आसपासच्या पाच-सात गावांत त्यांनी जितके उंबरे झिजवले, तितके एखाद्या सोयरीक जुळवणाऱ्यानेही झिजवले नसतील. सोयरीक जुळवणारा निदान लाडू खाऊन तरी परततो. उदारामजी बहुधा नकार घेऊन परतत, आणि तो नकारही पाण्याच्या तांब्यासोबत आदराने दिलेला असे. त्यांच्या बगलेत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली दोन साधने असत. एक, चामड्याने मढवलेली दोन हात लांबीची वेताची छडी, जिला गदगा म्हणतात. आणि दुसरी, थाळीएवढी लहान गोल ढाल, जिला फरी म्हणतात. तलवारीची विद्या तलवारीवाचून शिकवावयाची ती ही साधने.

ही विद्या त्यांना कामठीच्या छावणीत लाभली. वयाच्या अठराव्या वर्षी ते तेथील पागेत घोड्यांची निगा राखावयास गेले आणि बारा वर्षे राहिले. त्या छावणीच्या कडेला गुलाबचंद नावाचे एक निवृत्त हवालदार राहत. दिवसा ते पानसुपारीचे दुकान चालवीत आणि सायंकाळी कडुनिंबाखाली चार जणांना फरी-गदगा शिकवीत. उदाराम त्यांच्या पायांशी बसले. पवित्रा कसा घ्यावा, प्रतिपक्ष्याच्या हाताकडे न पाहता खांद्याकडे का पाहावे, माघार ही देखील एक चाल कशी असते, हे सारे त्यांनी त्या कडुनिंबाखाली आत्मसात केले. परंतु गुलाबचंदांच्या विद्येचा प्राण एका निराळ्याच नियमात होता. त्यांच्या आखाड्यात वार लागला की नाही हे पंच ठरवीत नसत. ज्याला लागला, त्याने स्वतःच आपली फरी कपाळाला लावून ‘लागली’ असे म्हणावयाचे. या कृतीला ते कबुली म्हणत. कोणी पाहिलेले नसले तरी कबुली द्यावयाची. कोणीच पाहिलेले नसेल तर अगोदर द्यावयाची.

निरोपाच्या दिवशी नारळ हाती घेऊन हवालदार म्हणाले होते, “दस को आधा मत देना, उदाराम. एक को पूरा देना. बस, एक को.”

उदारामांनी मान लववली, आणि त्या क्षणापासून ते वचन त्यांच्या आयुष्याचे व्रत झाले. गावी परतून ते खंडाने घेतलेली धानाची शेती करू लागले. धुरपताबाईंशी संसार झाला, अपत्य झाले नाही. ज्या ‘एका’ला पूर्ण विद्या द्यावयाची तो आता दुसऱ्याच्या घरातून मागून आणणे प्राप्त होते.

मुले येत, नाही असे नाही. चिखलणीचे दिवस संपले की गावाबाहेरच्या आंब्याखाली आठ-दहा पोरे जमत. पण कोणी दोन महिने टिके, कोणी एक पावसाळा. मुलगा जरा तयार होऊ लागला की त्याच्या बापाला बांधावर माणूस कमी पडे, किंवा त्याच्या आईला शेजारीण काहीतरी सांगे. अशी पंधरा वर्षे गेली. मग १९२९ साली चुन्नीलाल रहांगडाल्यांचा नंदलाल आला. वय तेरा. अंगाने शेलाटा, बोलण्यात मंद, आणि पायांत अशी काही उपजत लय, की पहिल्याच दिवशी त्याचा पवित्रा पाहून उदारामजी क्षणभर खाली बसले. धुरपताबाईंना त्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले, “सापडला.”

चुन्नीलाल हे स्वतःच्या मालकीच्या धानशेतीचे, चार बैलजोड्यांचे, शब्दाला जपणारे गृहस्थ. त्यांची पत्नी शामकला. विरोध प्रथम तिचा होता.

“वस्ताद, एकच पोट्टा हाये मले,” ती दारातूनच म्हणाली. “डोरा फुटला त तुमी देसान का दुसरा?”

उदारामजींनी वाद केला नाही. त्यांनी फडके सोडले, गदगा तिच्या हाती दिला, आणि फरी घेऊन अंगणात उभे राहिले.

“मारा, वयनी.”

“काय मनता!”

“मारा. डोरा पाहून मारा. फुटते का नाई, तुमीच पाहा.”

शामकलेने आधी इकडे तिकडे पाहिले. मग पदर खोचला. नदीवर मोगरीने गोधड्या धुणारे ते हात; पहिला वार असा सणसणत आला की फरीवर आदळून अंगणातल्या कोंबड्या कौलावर गेल्या. दुसरा आला, तिसरा आला. उदारामजी जागचे हलले नाहीत. केवळ मनगट वळत होते. नवव्या वारानंतर ती धापा टाकीत ओट्यावर बसली आणि मोठ्याने हसू लागली.

“माय वो! लय दिसाचा राग निघाला.”

“कोनावरचा?” ओसरीवरून चुन्नीलालनी विचारले.

“ते नाई सांगत,” ती म्हणाली, आणि नंदलालला जाण्याची मोकळीक मिळाली.

दोन वर्षांत नंदलालने जे घेतले ते इतरांनी सहा वर्षांत घेतले नसते. आणि कबुली? ती त्याला शिकवावीच लागली नाही, असे उदारामजी म्हणत. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती एकदा करून दाखवली, आणि तेव्हापासून त्या मुलाची फरी कपाळाकडे अशी जाई, जशी चूक झाल्यावर जीभ दातांखाली जाते. विद्या पूर्ण व्हावयास आणखी दोन वर्षे हवी होती. तेवढीच दोन वर्षे मिळत नव्हती. चुन्नीलालांचे मेहुणे गोंदियाला तांदळाच्या व्यापारात होते आणि त्यांनी भाच्याला मागितले होते.

उदारामजींनी तेव्हा एक धाडस केले. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई भरते: दिवसा बाजार आणि खेळ, पाहुण्यांनी भरलेली घरे, लेकी माहेरी आलेल्या. त्या वर्षीच्या सौंदडच्या मंडईत तिरोड्याकडच्या एका आखाड्याच्या मुलांशी सामने लावावयाचे त्यांनी ठरवले. आणि त्यापूर्वी, एका दुपारी, आपल्या सातही शिष्यांच्या आईबापांना आंब्याखाली बोलावले. हा खेळ त्या आईबापांनी आजवर नुसता ऐकला होता. आता समजून घेऊन पाहावा, अशी उदारामजींची इच्छा होती.

त्यांतल्या चार घरची माणसे आली. उदारामजींनी त्यांना घोंगड्यांवर बसवले आणि जणू पोथी उघडावी तशा आदराने एकेक वस्तू पुढे ठेवली. गदग्याच्या आतला वेत सोलून दाखवला. फरीच्या आत घोड्याचे केस कसे भरलेले असतात ते दाबून दाखवले. डोक्याला बांधावयाच्या जाड मुंडाशाचे सात वेढे मोजून दाखवले. डोक्यावरचा वार, गालाचा वार, खांद्याचा वार, कमरेचा वार, नडगीचा वार; पाच वार आधी मारील तो जिंकला.

“यानं पोटाले काय मिळते?” बिसराम पटल्यांनी विचारले. त्यांचे दोन मुलगे आखाड्यात होते.

“काई नाई,” उदारामजी म्हणाले.

“मंग कायले शिकवून राहिले?”

“बिसरामभाऊ, तुमी भजन मनता, त्यानं पोटाले काय मिळते?”

“परसाद!” मागून कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. उदारामजीही हसले.

चुन्नीलाल हसले नाहीत. ते म्हणाले, “वस्ताद, मी सरळ मानूस. मंडईत माह्या सगळ्या सोयऱ्यांसमोर पोरगा उभा राहीन. जिंकला त बरं. हरला तरी हरकत नाई, मारून हरावं. त्याची इज्जत दिसली त दोन वर्स तुमची. नाई दिसली त दुसऱ्याच दिवशी छोट्या रेलगाडीनं गोंदियाले. कबूल?”

“कबूल,” उदारामजी म्हणाले.

सभा संपली. माणसे घोंगड्या झटकून उठली. त्या दुपारी सांगण्यासारखे जे काही होते ते सारे आपण सांगितले, असे उदारामजींना वाटले. वेत, चामडे, मुंडासे, वार, पंच. राहिली ती एकच गोष्ट. कबुलीविषयी ते एक शब्दही बोलले नव्हते. ती लपवावी असा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. श्वास कसा घ्यावा हे कोणी पाहुण्याला सांगत नाही, तसे ते झाले. जी गोष्ट माणसाच्या हाडात मुरते ती त्याला शिकवण्याजोगी वाटेनाशी होते, आणि ज्ञानी माणसाच्या हातून घडणारे अनर्थ बहुधा याच वाटेने येतात.

मंडईच्या दिवशी लवकर पिकणारे हलके धान खळ्यावर आले होते आणि उशिरा पिकणारे भारी धान अजून उभे होते. रेल्वेच्या फाटकापासून तलावाच्या पाळीपर्यंत माणसे दाटली होती. तिरोड्याकडच्या आखाड्यात कबुलीची रीत नव्हती. तेथे वार पंच ठरवीत. दोन्ही वस्तादांनी आपसांत मान्य केले की पंच असावेत, आणि उदारामांच्या मुलांनी हवी तर आपली रीत पाळावी. चार सामने झाले. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवा नंदलालचा.

चुन्नीलाल आणि शामकला पुढच्या रांगेत होते. त्यांच्यामागे गोंदियाचे मामा, आणि लेकीकडचे, शामकलेच्या माहेरचे, चार गावांचे सोयरे. नंदलाल पवित्र्यात उभा राहिला आणि गर्दीचा कलकलाट आपोआप उतरला. जे त्या दिवशी तेथे होते ते पुढे कित्येक वर्षे सांगत, की तो मुलगा मारत नव्हता, पाण्यावरून चालत होता. चार वार त्याचे झाले, चार त्या दुसऱ्याचे. पाचव्यासाठी दोघे एकदम झेपावले. नंदलालचा गदगा प्रतिपक्ष्याच्या खांद्यावर असा वाजला की तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू गेला. पंचांनी हात वर केला. मंडई गर्जली. चुन्नीलाल उभे राहिले. त्यांच्या डोक्यावरचा पागोट्याचा शेव सुटला होता आणि त्यांना त्याचे भान नव्हते.

आणि मैदानाच्या मध्यभागी नंदलालने आपली फरी कपाळाला लावली.

“लागली,” तो म्हणाला. “पयले मले लागली. कमरेले.”

कोणी पाहिले नव्हते. ज्याने मारले होते त्या मुलालाही ठाऊक नव्हते. तो आपला खांदा चोळीत गोंधळून उभा होता. पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि उचललेला हात खाली घेऊन दुसरीकडे वर केला. मग एक हसला, आणि हसे पावसासारखे चोहीकडून आले.

“अगा, हा त सोतालेच हरवून राहिला!”

“रहांगडाल्याचा पोट्टा धरमराज निंगाला बाप्पा!”

उदारामजी मैदानाच्या कडेला होते. ज्या कृतीसाठी त्यांच्या गुरूने आयुष्य वेचले आणि त्यांनी सतरा वर्षे उंबरे झिजवले, ती कृती त्यांच्या डोळ्यांसमोर, निष्कलंक, चार गावांच्या साक्षीने घडली होती. आणि त्या वेळी त्यांच्या मनात जो विचार उमटला, तो पुढे त्यांनी धुरपताबाईंपाशी एकदाच उच्चारला. तो विचार असा होता: पोरा, आज तरी चूप राहायचं होतं.

नंदलाल त्यांच्यापाशी आला. कपाळावर फरीचा वळ उमटला होता.

“वस्ताद, बराबर केलं ना मी?”

उदारामजींची दृष्टी मुलाच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तेथे चुन्नीलाल सोयऱ्यांच्या घोळक्यातून वाट काढीत, कोणाकडे न पाहता, निघून जात होते. माणूस पाण्याचा एक घोट घेतो तेवढा वेळ उदारामजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बराबर केलंस, बेटा.”

पण तोवर मुलाने मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते चुन्नीलालांच्या घरी गेले. ओसरीवर नंदलालची पेटी बांधून ठेवलेली होती. उदारामजींनी तेथे उभ्या उभ्या जे आंब्याखाली सांगावयास हवे होते ते सर्व सांगितले: गुलाबचंद हवालदारांविषयी, कडुनिंबाविषयी, कपाळाला लावलेल्या फरीचा अर्थ काय याविषयी. चुन्नीलालनी ते शेवटपर्यंत ऐकले. ते उर्मट नव्हते.

“वस्ताद, तुमचं खोटं हाये असं मी मनत नाई,” ते म्हणाले. “पन उद्या धुऱ्याचं, बांधाचं भांडन होईन. शेजारी मनन, तुमचा धुरा माह्या वावरात एक हात आला. पंचाईत बसन. आमच्या पोरानं तिथं फरी कपाराले लावली त? आपला धुरा तोच देऊन येईन! मी त्याले कायचं जग सोपवून जाऊ?”

“चुन्नीलालभाऊ, धुरा खरंच एक हात गेला असन त?”

चुन्नीलाल थांबले. “तेच त,” ते सावकाश म्हणाले. “तो विचार आमच्याकडं करत नाई.”

शामकला दाराआडून बाहेर आली. अंगणात हसणारी ती बाई ही नव्हती.

“तुमी आमाले वेत दाखवला, चामडं दाखवलं, घोड्याचे केस दाखवले. हे काऊन नाई दाखवलं? मले सांगतलं असतं त मी पोराच्या बापाले आधीच समजावून ठेवलं असतं. हसनाऱ्यांच्या तोंडावर मी सोता बोलली असती. आता कोनाले समजावू? सारं गाव हसून मोकरं झालं.”

नंदलाल आतून आला, त्याने आपला गदगा उदारामजींच्या पायांशी ठेवला, नमस्कार केला आणि पेटी उचलली. गाडी दहाची होती.

त्या महिन्यात आंब्याखाली कोणी आले नाही. बिसराम पटल्यांनी आपल्या दोन्ही मुलांसाठी निरोप धाडला. इतरांनी तेवढीही तसदी घेतली नाही. पुढची चौदा-पंधरा वर्षे उदारामजींनी उंबरे झिजवणे सोडले नाही. आता ते सर्वांत आधी कबुलीविषयी बोलत. परिणाम इतकाच झाला, की पूर्वी लोक अर्धी गोष्ट ऐकून नाही म्हणत, आता सुरुवातीलाच म्हणू लागले. कोणाकोणाच्या अंगणात पोरे त्यांना पाहून हाताचा तळवा कपाळाला लावीत आणि ‘लागली, लागली’ म्हणत पळत. उदारामजी त्यांच्यावर रागावत नसत. पवित्रा चुकतो आहे एवढे मात्र सांगत.

१९४६ च्या माघात, एकसष्टाव्या वर्षी, ते छोट्या गाडीने गोंदियाला गेले. उजवा हात थरथरू लागला होता आणि वेळ फारसा उरलेला नव्हता. नंदलाल आता तांदळाच्या पेढीचा मालक होता, आणि त्याचा मुलगा श्यामलाल आठ वर्षांचा झाला आहे, असे त्यांच्या कानी आले होते. एका माणसाचा तरी उंबरा असा असेल, जेथे काही समजावून सांगावे लागणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती.

नंदलालने पायांवर डोके ठेवले. गादीवर बसवले, चहा मागवला, धुरपताबाईंच्या गुडघ्यांची विचारपूस केली. मग तो चहाचे पाहावयास आत गेला, तेव्हा तेथे आलेल्या श्यामलालने वस्तादांचे फडके सोडून गदगा बाहेर काढला आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर टपकन मारला. उदारामजींनी थरथरत्या हाताने फरी उचलून कपाळाला लावली.

“लागली!” ते म्हणाले.

मुलगा आनंदाने चीत्कारला. “अजून एक, आजोबा!”

नंदलाल दारात उभा होता. तो पुढे आला आणि त्याने मुलाच्या हातून गदगा अलगद काढून घेतला.

“नको, वस्ताद.”

“चांगला पाय हाये पोराचा.”

“दिसते मले. मनूनच नको.” त्याने मुलाला आत पाठवले आणि गादीच्या कडेला बसला. बराच वेळ तो त्या चामड्यावरून अंगठा फिरवीत राहिला. “या पेढीत दिवसातून दहा वेरा फरी कपाराले लावाची पारी येते. मापात, वायद्यात, दलालाशी बोलताना. मी नाई लावत. आधी लय तरास झाला, आता नाई होत.”

“तुले मी तसं शिकवलं नव्हतं, बेटा.”

“नाई.” नंदलालने मान वर केली. त्याच्या स्वरात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. “पन त्या दिवशी मी तुमाले इचारलं, बराबर केलं ना. तुमी चूप राहिले. जरासाच वेर. बाबा निंगून गेले, गाव हसलं, ते मी सोसलं असतं. तुमचं ते चूप राहनं नाई सोसलं. मले वाटलं, वस्तादालेही हे खरं वाटत नाई.”

नाकारता येण्याजोगे त्यात काही नव्हते. उदारामजींची फरी अजून हातात होती. ती त्यांनी कपाळापर्यंत नेली, आणि या वेळी शब्द उच्चारला नाही. नंदलालने ते पाहिले. त्याचे डोळे भरून आले. पण गदगा आणि फरी त्याने पुन्हा फडक्यात गुंडाळली, गाठ नीट बांधली, आणि स्टेशनवर पोचवावयास माणूस दिला.

सौंदडला उतरून ते घरी आले तेव्हा धुरपताबाई अंगणात सुपात तांदूळ पाखडीत होत्या. पाखडणे न थांबवता त्यांनी विचारले, “भेटला का? काय मनाला?”

उदारामजींनी फडके सोडले, फरी काढली आणि धानाच्या बियाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. ती त्यावर नेमकी बसली.

“चहा चांगला होता,” ते म्हणाले.